तारण (ख्रिस्ती) आणि परधर्मादर

तारण : येशू ख्रिस्ताच्या क्रुसावरील बलिदानाने व पुनरुत्थानाने माणसाची पापातून झालेली सुटका, ही ख्रिस्ती धर्माची मध्यवर्ती श्रद्धा. ते माणसाच्या पुण्याईचे फळ नव्हे, देवाच्या कृपेचे दान मानतात. मराठी ख्रिस्ती बोलीत ‘तारण झाले’, ‘तारणारा’ असे शब्द रोजचे आहेत. बँकेच्या कागदावर ‘तारण’ म्हणजे कर्जासाठी गहाण ठेवलेली वस्तू. मंडळीत पाळक तोच शब्द उच्चारतो तेव्हा कुणीतरी आपले देणे स्वतःच्या अंगावर घेतले, हा अर्थही मराठी कानाला जवळचा वाटतो. ‘मोक्ष’ म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका. ‘तारण’ म्हणजे पापातून सुटका. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच, असे म्हणणे सोयीचे आहे, पण खरे नाही.

तारणारा एकच, ही श्रद्धा ठेवून इतर धर्मांकडे कसे पाहावे, हा प्रश्न मराठीत जुना आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराण’ (१६१६) ओवीत रचले आणि स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ शब्द वापरला. मात्र गोव्यातल्या ज्या साष्टीत ते राहिले, तिथली देवळे पोर्तुगीज सत्तेने त्याआधीच पाडली होती. भाषेचा आदर आणि धर्माचा आदर या निराळ्या गोष्टी आहेत.

दोन्ही एकत्र नांदताना दिसतात ते रेव्हरंड नारायण वामन टिळकांपाशी (१८६१–१९१९). आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने दिलेला नवा करार वाचून ते ख्रिस्ताकडे वळले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत. संतांना त्यांनी शत्रुपक्षात बसवले नाही आणि ख्रिस्तच तारणारा हा दावाही सोडला नाही. मराठी ख्रिस्ती उपासनेत अभंग आणि भजने रुजली, त्यात त्यांच्या रचनांचा वाटा मोठा आहे. १९१७ मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही ख्रिस्तभक्तांना जागा होती. मिशनच्या चौकटीत काम केलेल्या माणसाने असे पाऊल उचलणे धाडसाचे होते. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे अपुरे राहिलेले काव्य पुढे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळकांनी पूर्ण केले.

कॅथलिक शिकवणीत मोठे वळण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत आले. ‘नोस्त्रा एताते’ (२८ ऑक्टोबर १९६५) या घोषणापत्राने इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारत नाही, असे सांगितले. त्याच दमात ख्रिस्ताची घोषणा करण्याचे कर्तव्यही नोंदवले. ज्यांना ख्रिस्त ठाऊक झाला नाही, पण जे मनापासून देवाचा शोध घेतात, त्यांनाही तारण मिळू शकते, हे परिषदेच्या ‘लुमेन जेन्टियुम’ने (१९६४) मांडले. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत याबाबत एकमत नाही. कॅथलिक बिशप थॉमस डाबरे यांनी तुकारामांच्या देवानुभवावर ग्रंथ लिहिला, तो परिषदेनंतरच्या नव्या वातावरणात.

हा प्रश्न मराठवाड्यात रोजच्या जगण्यात भेटतो. तिथले नांदेड व लातूर हे जिल्हे १९७७ साली स्थापन झालेल्या कॅथलिक औरंगाबाद धर्मप्रांतात येतात. इथले ख्रिस्ती संख्येने थोडे. नांदेडला सचखंड गुरुद्वारा, कंधारला दर्गा, माहूरला रेणुका. त्यामुळे परधर्म हा इथे पुस्तकातला विषय नसून शेजार आहे. गुरू ग्रंथसाहिबात संत नामदेवांची पदे आहेत, हे नांदेडकराला वेगळे सांगावे लागत नाही.

लातूरच्या शेजारी उस्मानाबादला (आता धाराशिव) जानेवारी २०२० मध्ये ९३वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. ‘सुबोध बायबल’कार फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते. ख्रिस्ती धर्मगुरू अध्यक्ष का, असा विरोध झाला, तरी संमेलन पार पडले. दिब्रिटो यांनी आपले धर्मगुरूपण लपवले नाही आणि संतपरंपरेवरचे प्रेमही. त्या परंपरेतल्या संत गोरोबाकाकांचे तेर हे गाव त्याच जिल्ह्यातले.