नाव कुणाचे, नफा कुणाचा? बास्केटबॉल व्हिडिओ गेमचा इतिहास काय सांगतो

खेळाडूच्या घामाला किंमत असते, हे सगळेच मान्य करतात. पण त्याच्या नावाला, चेहऱ्याला, पाठीवरच्या आकड्याला किंमत असते का? असेल तर ती कुणी ठरवायची आणि कुणाच्या खिशात जायची? अमेरिकेतील बास्केटबॉलच्या व्हिडिओ गेमचा चाळीस वर्षांचा इतिहास हाच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतो. पोरांचा टाइमपास म्हणून या विषयाकडे पाठ फिरवणाऱ्यांना आम्ही एवढेच सांगू की हा मालकीचा इतिहास आहे.

सुरुवात गेमच्याही आधीची आहे. 1953 साली अमेरिकेतील एका अपील न्यायालयासमोर च्युइंग गम विकणाऱ्या दोन कंपन्यांचे भांडण आले. बेसबॉल खेळाडूंचे फोटो छापण्याचा हक्क कुणाचा, हा वाद. न्यायमूर्ती जेरोम फ्रँक यांनी निकाल दिला की आपल्या छायाचित्राला प्रसिद्धीमुळे जे मोल येते, त्यावर त्या माणसाचा हक्क आहे आणि तो हक्क त्याला दुसऱ्याला देता येतो. लक्षात घ्या, न्यायालयात खेळाडू आलेच नव्हते. कंपन्या आपसांत भांडल्या आणि त्यातून खेळाडूच्या हक्काला कायद्याचे नाव मिळाले.

पुढे 1983 साली इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या तेव्हा नव्याच असलेल्या कंपनीने ॲपल टू संगणकासाठी एक गेम काढला. त्यात दोनच खेळाडू: ज्युलियस अर्विंग ऊर्फ डॉ. जे आणि लॅरी बर्ड. जोरात चेंडू मारला की बास्केटमागची काच फुटायची आणि झाडूवाला येऊन कुरकुर करत काचा गोळा करायचा. पण खरी नवलाई वेगळीच होती. पडद्यावरच्या ठिपक्यांच्या बाहुल्यांना खऱ्या माणसांची नावे होती आणि ती त्यांच्या परवानगीने घेतली होती. ठिपके कुणीही काढू शकत होता. गिऱ्हाईक येत होते ते नावामुळे.

दोघांचा गेम असेल तर दोन करार पुरतात. पण अख्खी लीग पडद्यावर आणायची तर शेकडो खेळाडू लागतात. एकेकाच्या दारात जाणे कंपनीला परवडत नाही. म्हणून सामूहिक परवान्याची पद्धत आली. संघांची नावे, बोधचिन्हे, गणवेश यांची परवानगी लीगकडून. खेळाडूंची नावे आणि चेहरे यांची परवानगी सगळ्यांच्या वतीने एकदम. त्यातून खेळाडूंच्या वाट्याला येणारा पैसा सर्वांत समान वाटायचा. बाकावर बसणाऱ्यालाही तेवढाच आणि ताऱ्यालाही तेवढाच.

ही ताकद आकाशातून पडली नाही. एनबीएच्या खेळाडूंची संघटना 1954 साली बॉब कूझी यांच्या पुढाकाराने उभी राहिली. 1964 साली बोस्टनच्या ऑल-स्टार सामन्यात, पेन्शनचे आश्वासन मिळेपर्यंत मैदानात उतरणार नाही, असे सांगून खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये बसून राहिले आणि मालकांना झुकावे लागले. पुढच्या वर्षी ऑस्कर रॉबर्टसन संघटनेचे अध्यक्ष झाले. अमेरिकेत राष्ट्रीय पातळीवरील क्रीडा कामगार संघटनेचे अध्यक्षपद भूषवणारे ते पहिले कृष्णवर्णीय. खेळाडूला एकाच मालकाशी बांधून ठेवणाऱ्या नियमांविरुद्ध त्यांच्या नावाने 1970 साली खटला दाखल झाला आणि 1976 साली तडजोड होऊन खेळाडूंना संघ बदलण्याची वाट मोकळी झाली. आधी शरीरावरचा हक्क मिळवला, मग नावावरचा हक्क बोलण्याजोगा झाला.

आता मायकेल जॉर्डन यांच्याकडे येऊ. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते सामूहिक परवान्यातून बाहेर पडले. परिणाम असा की 1993 साली मिडवे कंपनीचा 'एनबीए जॅम' आला, तेव्हा शिकागोच्या संघात स्कॉटी पिपेन आणि होरेस ग्रँट होते, जॉर्डन नव्हते. जगातला सर्वांत मोठा बास्केटबॉलपटू बास्केटबॉलच्या गेममध्ये नाही! पुढे 'एनबीए लाइव्ह'मध्ये त्यांच्या जागी निनावी खेळाडू दिसत राहिला. उलट 1994 साली त्यांच्या नावाचा स्वतंत्र गेम निघाला, तोही बास्केटबॉलचा सामना नसलेला, राक्षसांशी लढण्याचा. चार्ल्स बार्कली यांचाही त्याच सुमारास स्वतःच्या नावाचा गेम आला.

जॉर्डन चुकले का? आमचे मत स्पष्ट आहे. स्वतःच्या नावाचे मोल स्वतः ठरवणे हा त्यांचा हक्कच होता. पण सामूहिक परवान्याचे बळ सगळे एकत्र असण्यात असते. सर्वांत मोठे नाव बाहेर गेले की त्या एकाची किंमत वाढते आणि मागे उरलेल्यांच्या गाठोड्याची कमी होते. 2010 साली 'एनबीए टू-के 11'च्या मुखपृष्ठावर जॉर्डन झळकले, तेव्हा त्यांच्या जुन्या सामन्यांभोवतीच तो गेम विकला गेला. ताऱ्याला थांबणे परवडते. बाकावरच्याला परवडत नाही.

म्हणूनच 2017 साल आम्हाला महत्त्वाचे वाटते. त्या वर्षी खेळाडूंच्या संघटनेने सामूहिक परवान्याचा कारभार लीगकडून स्वतःच्या हातात घेतला. त्यासाठी काढलेल्या कंपनीचे नाव 'थिंक 450', लीगमधल्या 450 खेळाडूंवरून. 2019 साली टू-केची मालक कंपनी टेक-टू हिने लीग आणि संघटना यांच्याशी सात वर्षांचा करार केला. त्याची रक्कम 1.1 अब्ज डॉलरपर्यंत जाऊ शकते, असे तेव्हा वृत्तपत्रांनी छापले.

आणि ज्यांना संघटनाच नव्हती, त्यांचे काय झाले? एड ओ'बॅनन यांनी 1995 साली कॅलिफोर्नियातील यूसीएलए या विद्यापीठाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. पुढे ते लास वेगासजवळ मोटारी विकू लागले. मित्राच्या घरी त्यांना व्हिडिओ गेममध्ये स्वतःचाच संघ दिसला: तोच 31 नंबर, तोच डावखुरा हात, तेच तुळतुळीत डोके. फक्त नाव नव्हते. आणि पैसा? एक छदामही नाही. विद्यार्थी खेळाडू हौशी असतात, त्यांनी मोबदला घ्यायचा नाही, असा एनसीएए या महाविद्यालयीन क्रीडा संस्थेचा नियम. हौस खेळाडूंची आणि धंदा इतरांचा!

ओ'बॅनन यांनी 2009 साली खटला भरला. ऑस्कर रॉबर्टसन आणि बिल रसेल यांच्यासारखे दिग्गजही त्या लढ्यात उतरले. 2014 साली न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी एनसीएएचे नियम मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करतात असा निकाल दिला. गेममधल्या वापराबद्दल गेम कंपनी, परवाना कंपनी आणि एनसीएए यांनी मिळून 6 कोटी डॉलर देण्याची तडजोड केली. जुलै 2021 पासून विद्यार्थी खेळाडूंना आपल्या नावावर कमाई करण्याची मोकळीक मिळाली.

पण इथे टाळ्या वाजवून थांबू नका. 2024 साली महाविद्यालयीन अमेरिकन फुटबॉलचा गेम परत आला, तेव्हा प्रत्येक खेळाडूला देऊ केले 600 डॉलर आणि गेमची एक प्रत. घ्या, नाहीतर राहू द्या. हक्क मान्य झाला होता, पण घासाघीस करायला संघटना नव्हती. व्यावसायिक आणि विद्यार्थी यांच्यात फरक इथेच पडतो. फरक गुणवत्तेचा नाही, वाटाघाटीच्या ताकदीचा आहे.

काही जण म्हणतील, गेममुळे फुकट प्रसिद्धी मिळते, मग तक्रार कसली? आमचा उलट प्रश्न आहे: प्रसिद्धी हाच मोबदला असेल तर कंपनीनेही गेम फुकट वाटून प्रसिद्धीवरच का समाधान मानू नये? काही जण म्हणतील, हे सगळे कोट्यधीश आहेत. ओ'बॅनन मोटारी विकत होते. 1995 च्या त्या संघातले बाकीचे कोण होते, हे आज किती जणांना आठवते?

न्यायालय हक्काला नाव देते. तारा त्याची किंमत किती मोठी असू शकते हे दाखवतो. पण ती किंमत शेवटच्या खेळाडूच्या हातात पडते, ती फक्त सगळे मिळून सही करतात तेव्हाच.