भिंत होती तोवर टेबल लागलं नाही

डहाणू लोकलमध्ये उभ्याने ऐकत असाल तर आधी नीट धरून उभे राहा, मग बोलू.

बोईसरला किंवा पालघरला दहा बाय बाराची खोली. त्यात गॅस, पलंग, कपाट, पाण्याचा पिंप, आणि उरलेल्या जागेत चित्रं काढायची. हौस म्हणून असो की ऑर्डरचं काम असो, टेबल, ईझल, रॅक बघायला दुकानात गेलं की किंमत ऐकूनच आपण बाहेर येतो. आणि घेतलंच, तर ठेवणार कुठे? आता गंमत बघा. याच जिल्ह्यातून वारली चित्रं जगभर गेली. मग ती काढणाऱ्यांच्या स्टुडिओत फर्निचर काय होतं?

काहीच नव्हतं. स्टुडिओ म्हणजे घराची भिंत.

कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा लेप, त्यावर गेरू. तांदळाचं पीठ पाण्यात कालवलं की रंग तयार, आणि बांबूची काडी टोकाला चावून मऊ केली की ब्रश तयार. लग्नघरात सुवासिनी लग्नचौक लिहायच्या, मधोमध पालघट देवी. हे चित्र विकायचं नव्हतं, कुठे न्यायचं नव्हतं, जपून ठेवायचंही नव्हतं. म्हणून मेज नको, कपाट नको.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार हस्तकला मंडळाच्या कामासाठी या भागात आले. त्यांनी भिंतीवरचं चित्र कागदावर आणायला सांगितलं. आणि इथे डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे पुढे आले. बायकांचं समजलं जाणारं काम हा पुरुष रोज करायचा, लग्न असो वा नसो. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांचं प्रदर्शन झालं. १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, १९८९ मध्ये पॅरिसचं मोठं प्रदर्शन, २०११ मध्ये पद्मश्री. २०१८ मध्ये ते गेले.

हे सगळं तुम्ही वाचलं असेल. माझा मुद्दा जरा बाजूचा आहे. कागद आला तेव्हा चित्राला पहिल्यांदा *जागा* लागली. भिंत गुंडाळून ठेवावी लागत नाही. कागद, कापड मात्र सपाट पसरावं लागतं, वाळवावं लागतं, आणि मग आपल्या कोकणपट्टीच्या पावसात चार महिने दमटपणा, वाळवी आणि उंदरांपासून सांभाळावं लागतं. म्हणजे चित्र घराबाहेर जायला लागलं आणि घरात सामानाची गरज निर्माण झाली. आपण मात्र उलटं करतो, आधी टेबल घेतो. खरी अडचण असते ती झालेलं काम ठेवायची.

बसायचं म्हणाल, तर आजही बरेच वारली चित्रकार जमिनीवरच बसतात. आणि जमिनीवर बसणाऱ्यासाठी आपल्याकडे एक झकास वस्तू होतीच: जुन्या पेढीवरचं मुनीमजींचं बैठं डेस्क. वरची फळी उतरती, ती उचलली की आत वह्या, दौत, सगळं. मांडी घालून बसलं की बरोबर हाताशी येतं, काम झालं की पलंगाखाली सरकतं. टेबल आणि कपाट एकाच पेटीत! सिनेमात दिसलं की आपण हसतो, पण छोट्या खोलीसाठी याहून शहाणं डिझाइन मला तरी माहीत नाही.

आता थोडं लांब जाऊ, कारण परदेशातही हाच प्रश्न पडला होता. हॉलंडमध्ये गेरिट रीटफेल्ट यांनी १९३४ मध्ये पॅकिंगच्या खोक्यांच्या साध्या लाकडापासून खुर्ची, टेबल केलं. ते सुटं मिळायचं, घरी नेऊन आपणच जोडायचं. मग १९७४ मध्ये, म्हणजे मशेंच्या केमोल्डमधल्या प्रदर्शनाच्या आदल्याच वर्षी, इटलीत एन्झो मारी यांनी फळ्या आणि खिळ्यांत बसणारी १९ डिझाइन्स काढली. टपालखर्च पाठवा, नकाशे घ्या. कुणीही बनवावं, फक्त कारखानदार आणि व्यापाऱ्यांनी नाही. मारींना वाटायचं की स्वतः ठोकून बघितलं की माणसाला चांगली-वाईट वस्तू कळायला लागते.

हेच खोक्यांचं लाकूड आपल्याकडे तारापूर एमआयडीसीच्या भंगारात पॅलेट म्हणून येतं. स्वस्त, पण डोळे उघडे ठेवून घ्या. परदेशी मालाच्या पॅलेटवर शिक्का असतो. इंग्रजीत ‘एचटी’ म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेली, ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड वायूने. एमबी सोडून द्या. आणि इथे केमिकलचे कारखाने भरपूर, त्यामुळे शिक्का बरोबर असला तरी डाग पडलेली, वास मारणारी फळी घरात नको. शिक्का फक्त किडीचं सांगतो, वर कुठला पिंप सांडला ते सांगत नाही.

बनवायचं काय? माझ्या मते दोनच गोष्टी. एक, भिंतीला घडी होणारी फळी. आठ बाय चारच्या प्लायमधून दोन बाय चार फुटांचा तुकडा कापून घ्या, खालून पट्ट्या मारा म्हणजे वाकणार नाही. भिंतीत गिट्टी ठोकून एक जाड पट्टी बसवा, तिला बिजागऱ्यांनी फळी जोडा, दोन बाजूंना साखळ्या. काम संपलं की साखळ्या सोडवून फळी खाली सोडा, भिंतीला चिकटून बसते. दुसरी गोष्ट, छताजवळ आडवे टांगलेले पीव्हीसीचे दोन-तीन पाइप, दोन्ही तोंडांना झाकणं. कापडावरची चित्रं गुंडाळून त्यात. ना उंदीर, ना गळतं पाणी. पण रंग पूर्ण वाळल्याशिवाय गुंडाळू नका, आणि पावसाळ्यात उघडीप मिळाली की बाहेर काढून वारा द्या, नाहीतर आतल्या आत बुरशी धरेल.

खोली भाड्याची असेल तर ड्रिल लावायच्या आधी घरमालकाला विचारा. नाही म्हणाले, तर फळी घडवंचीवर ठेवायची, आणि रात्री घडवंचीसकट दाराबाहेर.