चढणीचे मासे

चढणीचे मासे म्हणजे पावसाळ्याच्या आरंभी नदी, तलाव किंवा धरणाच्या जलाशयातून प्रवाहाच्या उलट दिशेने वर चढून अंडी घालण्यासाठी ओढे, ओहोळ आणि भातखाचरांकडे जाणारे गोड्या पाण्यातील मासे होत. ही संज्ञा एखाद्या विशिष्ट जातीची नसून माशांच्या वर्तनाची आहे. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर व पूर्वेकडील मावळपट्ट्यात 'चढणीचे मासे' हा शब्दप्रयोग रूढ आहे. कोकणात याच घटनेला 'वलगण' व या माशांना 'वलगणीचे मासे' म्हणतात. महाराष्ट्रात मृग नक्षत्राच्या पावसापासून, म्हणजे साधारणतः जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून, ही चढण सुरू होते. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले व संगमनेर तालुक्यांतून वाहणारे प्रवरा नदीचे खोरे हे या स्थलांतराचे व त्यात धरणांमुळे झालेल्या बदलांचे ठळक उदाहरण आहे.

चढणीची कारणे

उन्हाळ्याच्या अखेरीस नदीचे पात्र आटते व मासे डोहांत किंवा जलाशयाच्या खोल भागात एकवटतात. पहिल्या जोरदार पावसानंतर पाण्याचे तापमान उतरते, पाणी गढूळ होते, त्यातील प्राणवायू वाढतो आणि प्रवाहाला वेग येतो. या बदलांमुळे अंड्यांनी भरलेल्या माद्या व त्यांच्यामागून नर प्रवाहाविरुद्ध पोहू लागतात.

वरच्या बाजूचे उथळ पाणी पिलांच्या दृष्टीने सोयीचे असते. नुकत्याच बुडालेल्या गवतात व खाचरांत सूक्ष्मजीवांची वाढ झपाट्याने होते आणि मोठे भक्षक मासे तेथे कमी असतात. कार्प कुळातील अनेक माशांची अंडी उबदार पाण्यात एका दिवसाच्या आतबाहेर फुटतात. पिले काही आठवडे वाढून पाणी ओसरू लागले की नदीकडे परततात. पाऊस मध्येच थांबल्यास खाचरे कोरडी पडून अंडी व पिले नष्ट होतात.

आढळणाऱ्या जाती

दख्खनच्या नद्यांतील माशांचे पहिले पद्धतशीर वर्णन लेफ्टनंट कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी केले. मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी म्हणून त्यांनी १८२४ पासून दख्खनची पाहणी केली व १८३९ ते १८४१ या काळात माशांवरील लेखन प्रसिद्ध केले. अनेक जातींना त्यांनी स्थानिक मराठी नावांवरूनच शास्त्रीय नावे दिली. खुद्री, मल्या, कोळस, शिंगाळा ही नावे त्यामुळे जगभरच्या मत्स्यशास्त्रात रुजली.

* महसीर (टोर खुद्री) : याला खडस, म्हसीर व काही ठिकाणी देवमासा म्हणतात. मोठे खवले व जाड ओठ असलेला हा मासा वेगवान, स्वच्छ पाणी व गोटेयुक्त तळ पसंत करतो. साइक्स यांनी वर्णन केलेला नमुना पुण्याजवळील मुळा-मुठा नदीतील होता.
* मल्या (गारा मुल्या) : हा लहान मासा तोंडाखालील चकतीने खडकाला चिकटतो. त्यामुळे ओल्या खडकांवरूनही तो वर सरकू शकतो.
* लेबिओ प्रजातीतील मासे व लहान खवल्यांचे इतर कार्प : खाचरांपर्यंत चढणाऱ्या माशांत यांचे प्रमाण मोठे असते.
* शिंगाळा, वाम : हे मासेही नवीन पाण्याबरोबर हालचाल करतात व लहान माशांचा माग काढत ओढ्यांत शिरतात.

मरळ हा मात्र संथ पाण्यात वनस्पतींच्या आडोशाला घरटे करून पिलांची राखण करणारा मासा आहे. खाचरांत तो आढळत असला, तरी प्रजननासाठी त्याला वेगवान प्रवाहाची गरज नसते.

प्रवरा खोरे

प्रवरा नदी अकोले तालुक्यात रतनगडाच्या परिसरात उगम पावते आणि अकोले, संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर असा प्रवास करून नेवासे तालुक्यात प्रवरासंगम येथे गोदावरीस मिळते. उगमाजवळच्या घाटघर व रतनवाडी परिसरात पावसाळ्यात काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर संगमनेर पर्जन्यछायेच्या प्रदेशात येते. त्यामुळे वरच्या भागात भातखाचरे व बारमाही डोह, तर खालच्या भागात रुंद, वाळूचे व उन्हाळ्यात आटणारे पात्र असे नदीचे दोन भिन्न स्वभाव दिसतात. संगमनेर येथे प्रवरेला म्हाळुंगी नदी मिळते.

या नदीवर व तिच्या उपनद्यांवर माशांच्या मार्गात पुढील अडथळे आहेत.

* रंधा धबधबा : भंडारदऱ्याच्या खालील बाजूस असलेला हा नैसर्गिक अडसर आहे. उंच कड्यावरून कोसळणारे हे पाणी माशांना चढून जाता येत नाही.
* भंडारदरा धरण (विल्सन धरण) : याचे बांधकाम १९१० मध्ये सुरू होऊन १९२६ मध्ये पूर्ण झाले. सुमारे ८२ मीटर उंचीच्या या दगडी धरणामागील जलाशयास आर्थर लेक म्हणतात.
* निळवंडे धरण : भंडारदऱ्याच्या खाली, अकोले तालुक्यात.
* ओझर बंधारा : संगमनेर तालुक्यातील या बंधाऱ्यावरून प्रवरा कालवे निघतात.
* आढळा व भोजापूर धरणे : अनुक्रमे आढळा व म्हाळुंगी या उपनद्यांवर.

प्रवरेचे पाणी शेवटी पैठण येथील जायकवाडी प्रकल्पाच्या नाथसागर जलाशयात जाते. १९७६ मध्ये लोकार्पण झालेल्या या जलाशयाचा फुगवटा प्रवरासंगमाच्या परिसरापर्यंत येतो. अशा रीतीने नदीच्या दोन्ही टोकांना विस्तीर्ण जलाशय व मध्ये बांध घातलेले पात्र अशी स्थिती निर्माण झाली आहे.

धरणांनी चढणीचे केवळ अंतरच नव्हे, तर वेळही बदलली आहे. मृग व आर्द्रा नक्षत्रांतील पाणी आधी धरणांत साठते. भंडारदरा साधारणतः ऑगस्टच्या मध्यापर्यंत भरते व त्यानंतर सांडव्यावरून मोठा विसर्ग होतो. संगमनेरजवळच्या पात्रात जूनमध्ये येणारा पहिला पूर त्यामुळे स्थानिक ओढ्यांच्या पाण्यापुरताच उरतो. उन्हाळ्यात सिंचनासाठी सोडलेल्या आवर्तनाने नदी काही दिवस वाहते. पण तो काळ माशांच्या प्रजननाचा नसतो. याउलट आर्थर लेकच्या काठावरील अनेक ओढ्यांतून जलाशयातील माशांना अजूनही खाचरांपर्यंत चढता येते.

पकडण्याच्या पद्धती

सह्याद्रीच्या पायथ्याशी महादेव कोळी, ठाकर व इतर समाजांत चढणीचे मासे हा पावसाळ्याच्या तोंडावरील महत्त्वाचा आहार आहे. पेरणी झालेली असते, घरातील धान्य संपत आलेले असते आणि भाज्या अजून उगवलेल्या नसतात. नदीकाठच्या गावांत भोई व भिल्ल समाजांचा मासेमारी हा परंपरागत व्यवसाय आहे.

पकडण्यासाठी फेकून टाकायचे पाग (पागजाळे), गळ आणि ओहोळाच्या चिंचोळ्या तोंडाशी लावलेले बांबूचे विणलेले सापळे वापरतात. खाचराचा बांध फोडून पाणी ज्या वाटेने उतरते, तेथे टोपली धरण्याची रीतही प्रचलित आहे. ही मासेमारी बहुधा रात्री उजेडाच्या साहाय्याने करतात. गाबोळीने भरलेल्या माद्यांना विशेष मागणी असते. जास्तीचे मासे वाळवून पुढील महिन्यांसाठी ठेवले जातात.

सॅमनशी तुलना

अंडी घालण्यासाठी नदी चढणारा मासा म्हणून जगात सॅमन सर्वाधिक प्रसिद्ध आहे. सॅमन समुद्रातून नदीत येतो. मात्र उत्तर अमेरिकेतील मिशिगन सरोवरात १९६६ पासून पॅसिफिक सॅमनची पिले सोडण्यात आली व ते सरोवरालाच समुद्र मानून भोवतालच्या नद्यांत चढू लागले. दख्खनचे मासे संपूर्ण आयुष्य गोड्या पाण्यातच घालवतात, त्यामुळे त्यांचे स्थलांतर सरोवरातील सॅमनशी अधिक मिळतेजुळते आहे.

महत्त्वाचा फरक असा की, पॅसिफिक सॅमन एकदाच अंडी घालून मरतो, तर महसीर व इतर कार्प अनेक वर्षे पुनःपुन्हा प्रजनन करतात. म्हणून चढणीत मारलेल्या एका मोठ्या मादीबरोबर पुढील अनेक हंगामांची पैदासही जाते. कोलंबिया नदीवरील बॉनव्हिल धरणात (१९३८) सॅमनसाठी पायऱ्यांसारखा जलमार्ग बांधण्यात आला. अशी रचना कमी उंचीच्या बंधाऱ्यांवर तुलनेने सोपी असते; भंडारदऱ्यासारख्या उंच धरणावर ती व्यवहार्य ठरत नाही.

घट व तिची कारणे

* मार्गातील बंधारे व पहिल्या पुराचा अभाव.
* वाळूउपसा : प्रवरेच्या पात्रातील वाळू व गोटे काढल्याने अंडी घालण्याच्या जागा नष्ट होतात.
* बारीक आसाची जाळी, विजेचा झटका, सुरुंग व विषप्रयोग : १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमाने स्फोटके व विष वापरून मासे मारण्यास मनाई केली आहे.
* परक्या जाती : तिलापियासारखे मासे संथ पाण्यात अंडी घालत असल्याने त्यांना चढणीची गरज नसते व जलाशयांत ते स्थानिक माशांना मागे सारतात.
* सांडपाणी व शेतीतील रसायने.

महाराष्ट्राच्या सागरी जलक्षेत्रात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. नद्यांतील माशांचा प्रजननकाळही हाच आहे. परंतु चढणीच्या माशांची पकड नेमकी याच दिवसांत सर्वाधिक होते.

संवर्धन

लोणावळ्याजवळील वळवण येथे टाटा वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून महसीरचे कृत्रिम प्रजनन केले व लक्षावधी पिले विविध जलाशयांत सोडली. मात्र केवळ पिले सोडणे पुरेसे नसते. कावेरी खोऱ्यात बाहेरून आणलेला टोर खुद्री फोफावल्यावर तेथील मूळचा कुबडा महसीर (टोर रेमादेवी) दुर्मिळ झाला व २०१८ मध्ये त्याची अतिसंकटग्रस्त जातींत नोंद झाली. एका खोऱ्याचा मासा दुसऱ्या खोऱ्यात सोडण्याविषयी अभ्यासक यामुळे सावधगिरीचा सल्ला देतात.

लोकपरंपरेतही संरक्षणाची उदाहरणे आहेत. रायगड जिल्ह्यातील वाळण कोंड व पालघर जिल्ह्यातील तिळसे येथील डोहांत देवस्थानाच्या श्रद्धेमुळे महसीर पकडले जात नाहीत. उन्हाळ्यात डोह राखणे, चढणीचे पहिले काही दिवस मासे न पकडणे, मोठ्या माद्या परत सोडणे आणि पावसाळ्याच्या आरंभी धरणातून थोडा प्रवाह चालू ठेवणे हे प्रवरेसारख्या नियंत्रित नदीसाठी सुचवले जाणारे प्रमुख उपाय आहेत.

हे सुद्धा पहा

* प्रवरा नदी
* भंडारदरा धरण
* महसीर
* देवराई