संगणक चालू ठेवावा की बंद करावा? : नांदेड-लातूर परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

बीजसंज्ञा : संगणक, भारनियमन, वीजबचत, परळी औष्णिक विद्युत केंद्र, मराठवाडा

प्रस्तावना :
महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत तासिका संपली की एक साधा प्रश्न उद्भवतो : पुढील तुकडी येईपर्यंत संगणक चालू ठेवावेत की बंद करावेत? वारंवार चालू-बंद केल्याने यंत्र बिघडते, असे एक मत आहे. विनाकारण वीज जाळू नये, असे दुसरे. ही दोन्ही मते आपापल्या काळातील यंत्रांतून व वीजपुरवठ्याच्या स्थितीतून निर्माण झाली आहेत. यंत्रे बदलली, पुरवठाही बदलला. सवयी मात्र टिकून राहिल्या. या सवयींचा ऐतिहासिक मागोवा घेणे व नांदेड-लातूर परिसराच्या संदर्भात त्यांची आजची उपयुक्तता तपासणे, हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

१. यंत्र न थांबविण्याची परंपरा :
अमेरिकेत १९४६ मध्ये प्रकाशात आलेल्या 'एनियाक' या संगणकात सुमारे १८ हजार निर्वात नलिका होत्या. नलिका तापताना व थंड होताना त्यांच्यावर सर्वाधिक ताण येई आणि त्याच वेळी त्या निकामी होत. म्हणून यंत्र बंद न करणे हाच शहाणपणा ठरला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेला 'टिफ्रॅक' हा संगणकही सुमारे २,७०० निर्वात नलिकांवर चालत असे. पुढे ट्रान्झिस्टर आणि एकात्मिक परिपथ आले, नलिका गेल्या. परंतु 'चालू-बंद केल्याने यंत्र खराब होते' हा समज वैयक्तिक संगणकाच्या काळातही कायम राहिला. त्यास काही आधार होता. जुन्या हार्ड डिस्कला प्रत्येक प्रारंभी ताण सोसावा लागे. तथापि पुढील काळातील डिस्क हजारो वेळा चालू-बंद करता येतील अशाच बनविल्या गेल्या.

दुसऱ्या बाजूने, अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९९२ मध्ये 'एनर्जी स्टार' योजना सुरू केली आणि संगणक व मॉनिटर यांपासूनच तिचा आरंभ केला. भारतात ऊर्जा संवर्धन कायदा २००१ मध्ये संमत झाला व २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची स्थापना झाली. पडद्यावर हलती चित्रे दाखविणारा 'स्क्रीनसेव्हर' वीज वाचवितो, हा गैरसमज मात्र दीर्घकाळ टिकला. त्याचा मूळ हेतू पडद्यावर डाग पडू नये एवढाच होता.

२. भारनियमनाचा काळ :
स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना नांदेड येथे १९९४ मध्ये झाली. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचला. म्हणजे या परिसरात संगणकाचा प्रसार झाला तो नेमका वीजटंचाईच्या काळात. दाभोळ प्रकल्प २००१ मध्ये बंद पडला होता. जून २००५ मध्ये राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण अस्तित्वात आली. वितरणातील हानी व वसुली यांच्या आधारे विभागांचे गट पाडून भारनियमनाचे तास ठरविण्यात येऊ लागले. याचा मोठा भार मराठवाड्यासारख्या भागावर पडला.

अशा स्थितीत संगणक केव्हा बंद करावा, हे वापरकर्ता ठरवीत नव्हता. भारनियमनाचे वेळापत्रक ठरवीत होते. यूपीएसची बॅटरी काही मिनिटेच पुरे. तेवढ्यात काम साठवून यंत्र रीतसर बंद करावे लागे. अन्यथा पुढच्या वेळी विंडोज प्रथम डिस्क तपासत बसे व तासिकेतील वेळ जाई. यातून दोन परस्परविरोधी सवयी रूढ झाल्या. वीज आहे तोवर यंत्र बंद करू नये, ही एक. आणि वीज परत येताना दाब अचानक वाढतो, म्हणून जाताना मुख्य बटणच बंद करावे, ही दुसरी. दुसऱ्या सवयीचा तोटा असा की रात्रभर यूपीएसची बॅटरी भारित होत नसे आणि सकाळी वीज गेल्यास ती अपुरी पडे. २०१२ च्या अखेरीस राज्याचा बहुतांश भाग भारनियमनमुक्त झाल्याचे जाहीर झाले. त्या टंचाईतून आलेल्या सवयी मात्र लगेच गेल्या नाहीत.

३. वीज आणि पाणी :
मराठवाड्यात विजेचा प्रश्न हा पाण्याचाही प्रश्न आहे. लातूरजवळच्या परळी औष्णिक केंद्राचा पहिला संच १९७१ मध्ये सुरू झाला. हे केंद्र पाण्याअभावी २०१३ मध्ये बंद ठेवावे लागले आणि २०१५ मध्ये पुन्हा बंद पडले. पुढच्याच वर्षी, १२ एप्रिल २०१६ रोजी, मिरजेहून लातूरला पाणी घेऊन पहिली रेल्वे आली. तिच्यात सुमारे ५ लाख लिटर पाणी होते.

केंद्र शासनाने डिसेंबर २०१५ मध्ये जुन्या औष्णिक केंद्रांसाठी पाणीवापराची कमाल मर्यादा प्रति युनिट ३.५ लिटर ठरविली. ती आधारभूत धरून एक हिशेब मांडता येतो. जुन्या काचेच्या नळीचा मॉनिटर असलेला संगणक निष्क्रिय असतानाही सुमारे १२० वॅट घेई, असे मानू. असे २० संगणक दिवसाला ५ तास विनावापर चालू राहिल्यास १२ युनिट वीज खर्च होते. २०० दिवसांत २,४०० युनिट. त्यासाठी सुमारे ८,४०० लिटर पाणी लागते, म्हणजे जवळपास एक टँकर. वीज राज्याच्या जाळ्यातून येत असल्याने हे पाणी परळीचेच असेल असे नाही. परंतु कोठल्या तरी धरणातून ते जातेच.

समारोप :
आजचे सपाट पडद्याचे संगणक कमी वीज घेतात व निद्रावस्थेत अवघे काही वॅट वापरतात. त्यामुळे 'सदैव चालू' व 'सदैव बंद' हे दोन्ही आग्रह कालबाह्य ठरले आहेत. दोन तासिकांमधील अवधीत निद्रावस्था, दिवसाअखेर रीतसर बंद, सर्व्हर चालू आणि यूपीएस भारणासाठी जोडलेला, असा भेद करणे उचित होय. सवय कोणत्या यंत्रासाठी व कोणत्या टंचाईत जन्मली, हे ओळखल्याशिवाय ती चालू ठेवणे अथवा मोडणे, दोन्ही अविचाराचे ठरेल. ज्या जिल्ह्याने रेल्वेने आलेले पाणी प्यायले, तेथील महाविद्यालयांत तरी रिकाम्या खोलीत उजळलेला पडदा क्षुल्लक मानला जाऊ नये.