उल्हास आणि फाल्गुन

गेल्या उपवासकाळात धर्मशिक्षणाच्या वर्गात मी मुलांना ‘उल्हास’ या शब्दाचा अर्थ विचारला. एका मुलाने तत्काळ उत्तर दिले, “आळस, फादर!” आणि शाळेत शिकलेली ‘आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास’ ही म्हण आधारादाखल सांगितली.

मुलाचे फारसे चुकले नव्हते. म्हणीत हा शब्द उपरोधाने येतो : मुळातच कामात ढिलाई, त्यातून शिमग्याचे निमित्त. मात्र नित्याच्या बोलण्यातून मूळ शब्द मागे पडला आणि उपरोध तेवढा शिल्लक राहिला.

संस्कृतातील ‘उल्लास’ म्हणजे उजळणे, उमलून वर येणे. मम्मटाच्या ‘काव्यप्रकाश’ या ग्रंथातील दहा प्रकरणांना ‘उल्लास’ हेच नाव आहे. हल्ली आपण त्याच्या जागी सर्रास ‘उत्साह’ वापरतो. परंतु उत्साहाचा धातू ‘सह्’; त्यात नेट आहे, सोसणे आहे. उल्हासाचा धातू ‘लस्’, म्हणजे झळकणे. उत्साह हातांत दिसतो, उल्हास चेहऱ्यावर.

आपल्या साष्टीच्या उत्तर सीमेवरून उल्हास नदी वसईच्या खाडीवाटे समुद्राला मिळते. तिच्याच परिसरात, कल्याणजवळच्या दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीत, १९४७च्या फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना आसरा मिळाला. त्या वसाहतीचे १९४९ साली ‘उल्हासनगर’ असे नामकरण झाले. नाव नदीवरून पडले हे खरे. तरीही घरदार गमावलेल्यांच्या पत्त्यात हा शब्द येऊन बसला, हे मला अर्थपूर्ण वाटते.

फाल्गुन महिना बहुधा आपल्या उपवासकाळातच येतो. उपवास करताना म्लानमुख होऊ नका, ही तर प्रभूचीच शिकवण. उपवासकाळाच्या चौथ्या रविवारी जांभळ्याऐवजी गुलाबी मिस्सावस्त्र परिधान करण्याची प्रथा आहे, तीही याच आनंदाची खूण. संत पौलाने फिलिप्पैकरांना आनंद करण्याचा उपदेश केला, तोही बंदिवासातून.

तेव्हा त्या मुलाला मी म्हणालो, “म्हण पाठ ठेव, पण शब्द असा टाकून देऊ नकोस. आळशी माणसाचा फाल्गुन निराळा आणि उपवास करणाऱ्याचा निराळा. उल्हासाची खरी गरज दुसऱ्यालाच असते.”