इस्रायलमधील मराठी : तीन पिढ्यांत एका भाषेचे काय होते?

परक्या देशात स्थायिक होणाऱ्याने तेथील भाषा किती आत्मसात करावी आणि आपली किती जपावी, हा प्रश्न आज अनेक देशांत राजकारणाच्या केंद्रस्थानी आला आहे. जर्मनी, ब्रिटन यांसारख्या देशांत नागरिकत्वासाठी भाषेचे ज्ञान सिद्ध करावे लागते. गोव्यालाही हा प्रश्न परका नाही. पोर्तुगीज नागरिकत्व घेऊन ब्रिटनमधील स्विंडनसारख्या शहरांत गेलेल्या गोमंतकीय कुटुंबांत आता तेथेच जन्मलेली मुले वाढत आहेत. ती घरी कोणती भाषा बोलतील, याची काळजी इकडे राहिलेल्या आजी-आजोबांना आहे.

या प्रश्नाचे एक जवळजवळ पूर्ण झालेले उदाहरण मराठी भाषकांच्या इतिहासातच सापडते. ते म्हणजे कोकणातून इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायल समाजाचे. या स्थलांतराला आता सात दशकांहून अधिक काळ लोटला असून त्याच्या तीन-चार पिढ्या आपल्यासमोर आहेत. भाषा कशी येते, कशी जाते आणि ती गेल्यावर मागे काय उरते, हे या उदाहरणावरून बरेचसे स्पष्ट होते.

कोकणातील पूर्वपीठिका

‘बेने इस्रायल’ म्हणजे इस्रायलची संतती. समाजाच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचे जहाज अलिबागजवळील नवगाव येथे फुटले आणि त्यातून सात स्त्रिया व सात पुरुष वाचले. आजच्या रायगड जिल्ह्यातील गावांत ही मंडळी पसरली व तेल गाळण्याचा व्यवसाय करू लागली. शनिवारी, म्हणजे ज्यू धर्मातील विश्रांतीच्या दिवशी, त्यांचा घाणा बंद असे. म्हणून शेजारीपाजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. गावांच्या नावांवरून दिवेकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर, किहीमकर अशी त्यांची आडनावे पडली.

मराठी ही या समाजाची केवळ व्यवहाराची भाषा नव्हती, तर त्यांचा धर्मही मराठीतूनच चालत आला होता. सणांना मराठी नावे होती. पुरीमला ‘होळीचा सण’ म्हणत, तर जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाच्या स्मरणार्थ होणारा उपवास ‘बिरड्याचा रोजा’ म्हणून ओळखला जाई. जॉन विल्सन या मिशनऱ्याने १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले. पेसाह सणाला वाचावयाच्या ‘हग्गादा’ या पोथीचे मराठी भाषांतर १८४६ मध्ये मुंबईत छापले गेले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बायबलमधील कथांवर मराठी कीर्तनेही रचली जाऊ लागली. १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल किहीमकर आदींच्या पुढाकाराने मुंबईत समाजाची शाळा निघाली. पुढे ती सर एली कदूरी शाळा म्हणून ओळखली गेली. सैन्य, रेल्वे, टपाल आणि सरकारी कचेऱ्या ही या समाजाची मुख्य नोकरीची क्षेत्रे बनली.

इस्रायलची स्थापना झाली त्या सुमारास, १९४८ मध्ये, भारतात बेने इस्रायलांची संख्या सुमारे २० हजार होती. त्यानंतरच्या दोन दशकांत त्यांतील बहुसंख्य लोक इस्रायलला गेले.

राष्ट्रभाषेचा आग्रह

हा समाज ज्या देशात गेला, तो स्वतःच एका भाषेच्या पुनरुज्जीवनावर उभा होता. हिब्रू शतकानुशतके प्रार्थनेची आणि विद्वानांच्या लेखनाची भाषा होती, पण कोणाच्याही घरची बोलभाषा नव्हती. एलिएझर बेन येहुदा १८८१ मध्ये पॅलेस्टाइनला गेले आणि त्यांनी घरात हिब्रूशिवाय दुसरी भाषा बोलू न देण्याचा नेम केला. १९२२ मध्ये ब्रिटिश अमलाखालील पॅलेस्टाइनच्या तीन अधिकृत भाषांत इंग्रजी व अरबीसोबत हिब्रूचा समावेश झाला. पुढच्याच वर्षी ‘भाषारक्षक पथक’ स्थापन झाले. युरोपातून आलेल्या ज्यूंनी यिद्दिश सोडून हिब्रूच बोलावी, यासाठी हे तरुण सभा आणि नाट्यप्रयोगही उधळून लावत.

१९४८ ते १९५१ या काळात या छोट्या देशात सुमारे सात लाख स्थलांतरित आले आणि ज्यू लोकसंख्या दुप्पट झाली. मोरोक्को, येमेन, इराक, पोलंड, रुमानिया अशा कितीतरी देशांतून आलेल्या या लोकांना एकमेकांची भाषा कळत नव्हती. त्या सर्वांना एका साच्यात घडवण्याच्या धोरणाला हिब्रूत ‘मिझुग गालुयोत’, म्हणजे देशोदेशी विखुरलेल्यांचे एकत्र मिश्रण, असे म्हणत. स्थलांतरितांना सामावून घेण्याच्या प्रक्रियेसाठी तेथे ‘क्लिता’ हा शब्द रूढ आहे. त्याचा मूळ अर्थ ‘शोषून घेणे’ असा होतो. धोरणामागची दृष्टी या एका शब्दातून दिसते.

परीक्षा नाही, पण वर्ग आहेत

येथे एक महत्त्वाचा भेद लक्षात घ्यावा लागतो. १९५० च्या ‘परतीच्या कायद्या’नुसार येणाऱ्या ज्यूला नागरिकत्व मिळण्यासाठी हिब्रू येण्याची अट नव्हती आणि आजही नाही. अन्य मार्गाने नागरिकत्व मागणाऱ्यांकडून मात्र हिब्रूचे थोडेफार ज्ञान अपेक्षित असते. म्हणजेच बेने इस्रायल कुटुंब बोटीतून किंवा विमानातून उतरले तेव्हा कागदोपत्री ते नागरिक झाले. भाषेची गरज सुरू झाली ती त्यानंतर.

ती भागवण्यासाठी ‘उल्पान’ ही व्यवस्था उभी राहिली. पहिला उल्पान १९४९ मध्ये जेरुसलेममध्ये निघाला. सुमारे पाच महिने, दररोज अनेक तास, फक्त हिब्रूतूनच हिब्रू शिकवायची, अशी त्याची पद्धत होती. शिक्षकाने विद्यार्थ्याच्या भाषेचा आधार घ्यायचा नाही, कारण एकाच वर्गात दहा भाषांचे विद्यार्थी असत. याच्या जोडीला सोप्या हिब्रूत, स्वरचिन्हांसह छापलेली वृत्तपत्रे निघत, आकाशवाणीवर सावकाश वाचलेल्या बातम्या प्रसारित होत आणि दूरच्या वसाहतींत सैन्यातील तरुण मुली शिक्षिका म्हणून पाठवल्या जात. सक्तीच्या लष्करी सेवेमुळे अठराव्या वर्षी प्रत्येक तरुण-तरुणी हिब्रू वातावरणात जाई. मुलांकडून आया मातृभाषा शिकतात असा हा देश, असे तेथे विनोदाने म्हटले जाई.

शाळेत जाणारी मुले वर्ष-दोन वर्षांत हिब्रू बोलू लागली. अडचण झाली ती मोठ्यांची. मुंबईत इंग्रजीतून कारकुनी करणाऱ्या माणसाला हिब्रू लिहिता येत नसेल तर कचेरीत जागा नव्हती. लोद, रामला, अश्दोद, बीरशेबा, दिमोना, किर्यात गात अशा नव्या किंवा दूरच्या शहरांत या समाजाची वस्ती झाली. पुष्कळांना कारखान्यांत, बंदरात किंवा बांधकामावर काम घ्यावे लागले. उजवीकडून डावीकडे चालणारी, एरवी स्वरचिन्हांशिवाय लिहिली जाणारी लिपी चाळिशी उलटलेल्या माणसाला सहजी वश होत नव्हती. सरकारी पत्र आले की ते वाचून दाखवायला शाळकरी मुलाला हाक मारावी लागे. घरातला अधिकार असा नकळत भाषेबरोबर खालच्या पिढीकडे सरकत गेला.

भाषा आली, तरी स्वीकार लांबला

भाषा शिकली की समाज आपला म्हणतो, असा सर्वसाधारण समज आहे. बेने इस्रायलांचा अनुभव त्याला पूर्ण दुजोरा देत नाही. १९५१-५२ मध्येच त्यांच्यातील एका गटाने काम, घरे आणि वर्णभेदाच्या तक्रारींवरून धरणे धरले आणि आपल्याला भारतात परत पाठवण्याची मागणी केली. त्यांतील काही जण परतलेही. पुढे त्यांच्यापैकी अनेकांनी पुन्हा इस्रायलची वाट धरली.

याहून मोठा प्रसंग दहा वर्षांनी आला. बेने इस्रायल शतकानुशतके अन्य ज्यूंपासून दूर राहिल्यामुळे त्यांच्यातील विवाह व घटस्फोट धर्मशास्त्रानुसार झाले असतील का, अशी शंका काही धर्मगुरूंनी घेतली. १९६२ मध्ये मुख्य धर्मपीठाने या समाजातील व्यक्तीचा अन्य ज्यूंशी विवाह लावण्यापूर्वी तिच्या वंशाची मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करण्याचे निर्देश दिले. इस्रायलमध्ये ज्यूंचे विवाह धर्मपीठाच्या अखत्यारीत येत असल्यामुळे ही केवळ तात्त्विक बाब राहिली नाही. हिब्रू बोलणाऱ्या, सैन्यात सेवा केलेल्या तरुणांना आपण ज्यू असल्याचे पुरावे मागितले जाऊ लागले.

समाजाने याविरुद्ध संघटित लढा दिला. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये धरणे धरण्यात आले. ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेने, म्हणजे क्नेसेटने, बेने इस्रायल हे सर्व अर्थांनी ज्यू असून त्यांचे हक्क अन्य ज्यूंइतकेच आहेत, अशी भूमिका घेतली. त्यानंतर धर्मपीठाला निर्देशांतील बेने इस्रायलांचा खास उल्लेख काढावा लागला. स्वीकार मिळाला, पण तो उल्पानच्या वर्गात मिळाला नाही. त्यासाठी रस्त्यावर यावे लागले. तथापि, ज्या भाषेत हा लढा देशापुढे मांडला गेला ती हिब्रू होती, हेही विसरून चालणार नाही. यजमान देशाची भाषा आल्याने भेदभाव संपला नाही, पण त्याविरुद्ध दाद मागण्याचे बळ मिळाले.

मराठीचे काय झाले?

स्थलांतरितांच्या भाषेबाबत जगभर दिसणारा क्रम येथेही दिसला. पहिली पिढी मराठीत विचार करी आणि गरजेपुरती हिब्रू बोले. दुसरी पिढी आई-वडिलांशी मराठीत, भावंडांशी हिब्रूत बोलू लागली. तिसऱ्या पिढीला आजीचे बोलणे थोडेफार कळते, पण उत्तर हिब्रूतच येते. देवनागरी लिपी तर त्याआधीच मागे पडली, कारण ती शिकवणारी शाळा रोजच्या आवाक्यात नव्हती. हिब्रूत ‘ळ’ आणि ‘ण’ यांसाठी अक्षरे नाहीत. त्यामुळे आडनावे हिब्रूत लिहिताना त्यांचे उच्चारही बदलले. त्या काळी हिब्रू नाव धारण करण्यास सरकारी पातळीवर प्रोत्साहन होते. तरीही अनेक कुटुंबांनी ‘कर’ हा प्रत्यय सोडला नाही.

मराठी टिकवण्याचे प्रयत्नही झाले. ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक इस्रायलमधून निघू लागले. नोहा मसील यांनी त्याच्या संपादनाची धुरा दीर्घकाळ वाहिली. महाराष्ट्र दिनाचे कार्यक्रम, मराठी गाणी आणि कीर्तने यांतून जुनी पिढी एकत्र येत राहिली. १९९२ मध्ये भारत व इस्रायल यांच्यात पूर्ण राजनैतिक संबंध प्रस्थापित झाल्यावर येणे-जाणे सुलभ झाले आणि कोकणातील मूळ गावे पाहायला नातवंडे येऊ लागली. मात्र ती येतात तेव्हा गावकऱ्यांशी बोलताना त्यांना बहुधा दुभाषा लागतो.

भाषेपेक्षा चिवट ठरला तो विधी आणि स्वयंपाक. गोड पोहे, ओले खोबरे आणि फळे यांचा ‘मलिदा’ करून एलियाहू हन्नाबी, म्हणजे प्रेषित एलिया, यांच्या नावाने प्रार्थना म्हणण्याची प्रथा लग्नकार्यात, नव्या घरात, नवस फेडताना आजही पाळली जाते. कोकणच्या परंपरेनुसार एलियाहू अलिबागजवळील खंडाळे गावी प्रकटले होते. लग्नाआधीची मेंदी आणि नव्या वर्षाला होणारा, नारळाच्या दुधातला चिकाचा हलवाही टिकून आहेत. ज्या शब्दांना एखादा पदार्थ किंवा विधी चिकटलेला होता, ते शब्द उरले. नुसत्या संभाषणाचे शब्द विरून गेले.

रशियन भाषकांचा वेगळा मार्ग

हे सारे अटळच होते का? याचे उत्तर शोधण्यासाठी इस्रायलमध्येच नंतर आलेल्या दुसऱ्या समूहाकडे पाहता येते. सोव्हिएत संघाच्या विघटनाच्या सुमारास व त्यानंतर तेथून सुमारे दहा लाख लोक इस्रायलमध्ये आले. तेही हिब्रू शिकले, पण त्यांची रशियन वृत्तपत्रे, पुस्तकांची दुकाने, नाट्यसंस्था आणि पुढे दूरचित्रवाहिनीही उभी राहिली. प्रचंड संख्या, सलग वस्ती आणि मतपेटीतील वजन हे त्यांचे बळ होते. शिवाय तोवर राज्यकर्त्यांचा एकाच साच्याचा आग्रहही सैल झाला होता.

बेने इस्रायल संख्येने थोडे, अनेक शहरांत विखुरलेले आणि आग्रहाच्या ऐन काळात आलेले होते. आपली भाषा मागासलेपणाची खूण मानली जाईल या भीतीने कित्येक घरांत पालकांनीच मुलांशी मोडक्यातोडक्या हिब्रूत बोलणे पत्करले. मराठीवर तेथे कोणी कायद्याने बंदी घातली नव्हती. गोमंतकात १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषेऐवजी तीन वर्षांत पोर्तुगीज बोलण्याचे फर्मान काढले होते. तरीही लोकांची भाषा मेली नाही, कारण ती घराघरांत आणि गावागावांत बोलली जात राहिली. इस्रायलमध्ये फर्मान नसतानाही मराठी घरातूनच मागे सरली.

या उदाहरणातून काय दिसते?

भारतीय दूतावासाच्या अंदाजानुसार इस्रायलमध्ये आज भारतीय वंशाचे सुमारे ८५ हजार ज्यू असून त्यांत बेने इस्रायलांची संख्या सर्वाधिक आहे. महाराष्ट्रात उरलेला समाज काही हजारांत मोजण्याइतका आहे. राज्य सरकारने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. स्थलांतराची ही कथा अपयशाची नाही. नव्या देशात हा समाज रुजला, शिकला आणि सन्मानाने उभा राहिला. त्याने मोजलेली किंमत मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे.

यजमान देशाची भाषा शिकणे आणि स्वतःची विसरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी शाळा, वर्ग, कचेरी आणि बाजार हे सारे साह्य करतात. दुसरी टाळण्याची जबाबदारी मात्र घरावरच पडते आणि त्यासाठी मिळणारा काळही थोडाच, म्हणजे मुले लहान असेपर्यंतचा असतो. स्विंडनमधील किंवा लिस्बनमधील एखाद्या घरात आज संध्याकाळी जेवणाच्या ताटावर कोणती भाषा बोलली जाते, यावर त्या घरातील नातवंडांना उद्या आजीचे पत्र वाचता येईल की नाही, हे ठरणार आहे.