फॉरमॅट मारल्यानंतर

‘फॉरमॅट मारला’ हा शब्दप्रयोग मराठीत कुणी आणला कोण जाणे, पण तो पक्का रुजला. शिक्का मारतात, शेरा मारतात, तसा फॉरमॅट मारतात. संगणक चालेनासा झाला की दुरुस्ती करणारा मुलगा येतो, दोन-तीनदा बंद-चालू करून पाहतो आणि सांगतो, ‘‘विंडोज उडाली. फॉरमॅट मारावा लागेल.’’ तासा-दीड तासात संगणक नव्यासारखा होतो. मग कुणाला तरी आठवतं, की शाळेचा निकाल डेस्कटॉपवर होता.

गेलेलं परत मिळतं का? या प्रश्नाला चाळीस वर्षांहून मोठा इतिहास आहे आणि गंमत अशी, की त्याचं उत्तर काळानुसार बदलत गेलं आहे.

आपल्याकडच्या माणसाला ही गोष्ट सातबाऱ्यावरून चटकन कळेल. सातबारा फाटला म्हणून शेत वाहून जात नाही. माती, बांध, विहीर जागच्या जागी असतात. कुणाचं शेत कुठून कुठपर्यंत, ही नोंद तेवढी जाते. संगणकाच्या डिस्कवर असाच कारभार चालतो. मजकूर एकीकडे आणि कोणती फाइल कुठल्या जागेत आहे याची यादी दुसरीकडे. पुसताना किंवा घाईचा फॉरमॅट मारताना संगणक यादी कोरी करतो, शेताला हात लावत नाही. मात्र यादी कोरी झाल्यावर ती जमीन मोकळी समजली जाते. तिथं नवा पेरा झाला, की जुनं पीक कायमचं गेलं. विंडोज पुन्हा टाकणं म्हणजे असा एक मोठा पेराच.

जुन्या डॉसच्या काळात पुसण्याचं काम फारच वरवरचं होतं. फाइलच्या नावातलं पहिलं अक्षर बदलून तिथं डॉस एक खूण टाकी आणि तिची जागा ‘मोकळी’ म्हणून नोंदवी. एवढंच! १९८२ मध्ये अमेरिकेतील पीटर नॉर्टन यांनी ही फट हेरली आणि पुसलेली फाइल परत आणणारा प्रोग्रॅम विकायला काढला. १९९१ मध्ये मायक्रोसॉफ्टनं डॉसच्या पाचव्या आवृत्तीत ‘अनडिलीट’ आणि ‘अनफॉरमॅट’ अशा दोन आज्ञाच देऊन टाकल्या. ‘अनडिलीट’ चालवलं, की संगणक नम्रपणे विचारी, नावातलं पहिलं अक्षर कोणतं होतं? बाकीचं नाव त्याच्याकडे शाबूत असे.

मग २६ एप्रिल १९९९ हा दिवस आला. तैवानमधील एका विद्यार्थ्यानं लिहिलेला सीआयएच नावाचा व्हायरस त्या दिवशी जागा झाला. १९८६ मधील चेर्नोबिलचा अपघात याच तारखेचा, म्हणून लोकांनी त्याला ‘चेर्नोबिल’ म्हटलं. आशियात त्यानं मोठं नुकसान केलं, भारतातही केलं. तो डिस्कच्या आरंभीचा सुमारे १ एमबी भाग शून्यांनी भरून टाकी, म्हणजे नेमकी यादीवरच धाड. पण विंडोज ९८ च्या पद्धतीत यादीच्या दोन प्रती ठेवलेल्या असत. मोठ्या डिस्कवर दुसरी प्रत त्या १ एमबीच्या पलीकडे पडे. त्या प्रतीच्या आधारानं जाणकारांनी कितीतरी डिस्का पुन्हा उभ्या केल्या. पुण्यात काटकर बंधूंचं ‘क्विक हील’ याच दशकात नावारूपाला आलं, यात नवल नाही.

डिस्क किती चिवट असते, याचं सगळ्यात विलक्षण उदाहरण १ फेब्रुवारी २००३ चं. कोलंबिया यान परतताना आकाशात फुटलं. कल्पना चावला आणि सहा सहकारी गेले. अवशेषांत एक जळकी, वेडीवाकडी झालेली डिस्क सापडली. झेनॉन वायूवरच्या एका प्रयोगाच्या नोंदी तिच्यात होत्या. तिच्यावरचा सुमारे ९९ टक्के मजकूर तज्ज्ञांनी बाहेर काढला आणि २००८ मध्ये तो प्रयोग शोधनिबंध म्हणून छापून आला. त्या संगणकावर जुनं डॉस होतं. त्यामुळे मजकूर डिस्कभर विखुरलेला नव्हता, हे त्यातलं मर्म.

आपल्या गावांतल्या डिस्का आकाशातून पडल्या नाहीत. त्यांचा घात विजेनं केला. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेला, महागाव तालुक्यातलं फुलसावंगी डोळ्यांसमोर आणा. अशा गावात डीटीपीचं एखादं दुकान असतं. लग्नपत्रिका, अर्ज, सोसायटीचा अहवाल, शाळेची प्रश्नपत्रिका, श्रद्धांजलीचं पत्रक, सगळं एकाच संगणकावर. एका अर्थानं ते गावाचं दप्तरच. २००५ नंतरच्या काही वर्षांत भारनियमन तासन्‌तास चाले. यूपीएसची बॅटरी म्हातारी झालेली. डिस्क लिहीत असतानाच वीज गेली, की यादी अर्धवट राही आणि पुढच्या खेपेला विंडोज उघडत नसे. उपाय ठरलेला, फॉरमॅट.

दुरुस्ती करणारी मुलं डिस्कचे दोन-तीन भाग पाडून ठेवत. सी भागात विंडोज, डी आणि ई भागांत बाकीचं सामान. फॉरमॅट फक्त सी ला मारत. ही खबरदारी शहाणपणाचीच होती. पण २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीत डेस्कटॉप आणि ‘माय डॉक्युमेंट्स’ यांचा मुक्काम सी मध्येच असे, हे दुकानदाराला कुणी सांगितलेलं नसे. तो रोजचं काम डोळ्यांसमोर राहावं म्हणून डेस्कटॉपवर ठेवी आणि तेच पहिल्यांदा जाई.

त्यातल्या त्यात बरं असं, की एक्सपीचा पूर्ण फॉरमॅटसुद्धा जुना मजकूर खरवडत नव्हता, डिस्क तपासून नवी यादी मांडायचा. २००७ मध्ये बाजारात आलेल्या व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट सगळीकडे शून्यं लिहू लागला. घाईचा फॉरमॅट मात्र पूर्वीसारखाच राहिला. व्हिस्टापासूनच एक सोयही झाली. फॉरमॅट न करता वरून विंडोज टाकली, तर जुनं सगळं सामान ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये बांधून ठेवलं जातं. विंडोज १० मध्ये हे गाठोडं साधारण १० दिवसांनी आपोआप फेकलं जातं. ते उघडून न पाहताच रडत बसणारी माणसं बरीच.

शोधायचं झालं तर पहिलं काम, तो संगणक ताबडतोब बंद करणं. सापडवणारा प्रोग्रॅम त्याच डिस्कवर उतरवून घेणं म्हणजे हरवलेली अंगठी शोधायला शेतात नांगर घालणं. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडावी आणि मिळेल ते तिसरीकडे साठवावं. यादीच उरली नसेल, तर ‘फोटोरेक’सारखे प्रोग्रॅम मजकुराचा तोंडवळा पाहून फाइल ओळखतात. फोटो परत येतात, पण नावं जातात. हजार आकड्यांतून आपली पत्रिका शोधावी लागते.

ही सवलत आता आटत चालली आहे. नव्या एसएसडी डिस्कला विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून, ‘ट्रिम’ नावाची सूचना जाते, या जागा मोकळ्या झाल्या, साफ कर. मग डिस्क स्वतःच शेत नांगरून ठेवते. मोबाइलचं तर आणखी कडक. २०१५ नंतरच्या बहुतेक नव्या फोनमधला मजकूर कुलूपबंद असतो आणि फोन रिसेट केला, की किल्लीच नष्ट होते.

इथवर साऱ्या जगाचं दुखणं सारखं. मराठी माणसाला आणखी एक कुलूप उघडावं लागतं. जुन्या दुकानांतला मजकूर श्रीलिपी, आयएसएम, आकृती, शिवाजी अशा फॉन्टांत टाइप केलेला असे. हे फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवत. विंडोज नव्यानं टाकली, की फॉन्ट जातो. त्यामुळे महत्प्रयासानं परत मिळवलेली फाइल उघडावी, तर समोर रोमन अक्षरं, कंस आणि पौंडाच्या खुणा! फाइल खराबच निघाली असं समजून ती पुन्हा पुसून टाकली जाते. ती खराब नसते. मोडीतला कागद न वाचणाऱ्याच्या हाती पडावा, तसा प्रकार असतो.

देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासून जागा आहे. विंडोज २००० मध्ये ‘मंगल’ फॉन्टही आला. पण एक्सपीत भारतीय भाषांची सोय वेगळी चालू करावी लागे आणि त्यासाठी मूळ सीडी मागितली जाई. छपाईची कामं तर नंतरही कितीतरी वर्षं जुन्या फॉन्टांतच झाली. रूपांतर करणारे प्रोग्रॅम आहेत, पण श्रीलिपीचा तक्ता शिवाजीला चालत नाही. आधी फॉन्ट ओळखावा लागतो. तक्ता चुकला तर रफार भलत्याच अक्षरावर जातो, पहिली वेलांटी पुढच्या अक्षराला चिकटते. दुकानातला जुना संगणक भंगारात देण्याआधी विंडोजच्या फोल्डरातला ‘फॉन्ट्स’ हा फोल्डर तेवढा पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावा. छोटंसंच काम असतं ते.